उंबरठ्याच्या आतली नेत्रतपासणी

घरातल्या वयस्क माणसांबाबत एक गोष्ट अनेकांनी पाहिलेली असते. चाळिशीपासून चष्म्याशिवाय ज्यांना सुई ओवता येत नव्हती, त्या आजी पंचाहत्तरीत एक दिवस चष्मा बाजूला ठेवून तांदूळ निवडू लागतात. आजोबा पंचांगातली बारीक अक्षरे उघड्या डोळ्यांनी वाचतात. जुन्या हाडाची माणसं, खाल्लेलं अंगी लागलं, असे म्हणत घरात कौतुक होते. वर्ष-सहा महिने जातात आणि त्याच आजी दारात उभ्या असलेल्या नातवाला ‘कोण रे बाबा?’ असे विचारतात. दिवेलागणीला मोरीकडे जाताना उंबऱ्याला ठेचकाळतात. पुढे पुढे खाटेवरून उठायचेच टाळतात.

सुधारलेले डोळे एवढ्यात बिघडले कसे? खरे तर ते सुधारलेच नव्हते. चष्मा सुटला, तीच मोतीबिंदूची सुरुवातीची खूण होती. कोणी जाणकार तेव्हा त्या ओसरीवर येऊन बसला असता, तर त्याला ती दहा मिनिटांत ओळखता आली असती. पण गुडघे धरलेले, अर्धांग झालेले किंवा मांडीचे हाड मोडल्यामुळे अंथरुणाला खिळलेले माणूस नेत्रतपासणीला जात नाही, आणि नेत्रतपासणीही सहसा त्याच्याकडे येत नाही. ती घरी येऊ शकते का, घरी नेमके काय तपासता येते आणि काय येत नाही, हे या लेखात पाहू.

शिबिरात न दिसणारी माणसे

उदाहरण म्हणून सह्याद्रीतल्या अकोले तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेकडे प्रवरेच्या काठचे अकोले शहर, उसाचा पट्टा आणि संगमनेरकडे जाणारा रस्ता. पश्चिमेकडे राजूर, भंडारदरा आणि त्यापलीकडे घाटघर, साम्रद, रतनवाडी ही सह्याद्रीच्या ऐन कुशीतली गावे. उत्तरेला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई आणि दक्षिणेला हरिश्चंद्रगड. घाटमाथ्याच्या या भागात पावसाळ्याचे चार महिने धो-धो पाऊस असतो. भातलावणीच्या दिवसांत घरातली धडधाकट माणसे खाचरात असतात. वाडीपासून डांबरी सडकेपर्यंतची चाल तरुणाला काही वाटत नाही; काठी टेकत चालणाऱ्याला ती दिवसभराची मोहीम होते.

ग्रामीण महाराष्ट्रात डोळ्यांचे बरेचसे काम नेत्रशिबिरांनी केले आहे. अकोल्याला लागूनच असलेल्या जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या मोहन ठुसे नेत्र रुग्णालयाचे संस्थापक डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, ती खेड्यापाड्यांतल्या अशाच नेत्रसेवेसाठी. गावात तपासणी करायची, मोतीबिंदूचे रुग्ण गाडीत बसवून मुख्य रुग्णालयात न्यायचे आणि शस्त्रक्रियेनंतर परत आणून सोडायचे, या पद्धतीने असंख्य लोकांना पुन्हा दिसू लागले. मात्र शिबिरात तपासला जातो तो शिबिरापर्यंत पोहोचलेला माणूस. ज्याला सर्वांत कमी दिसते, ज्याचे पाय सर्वांत अधू आहेत आणि ज्याला सोबत कोणी नाही, तो नेमका घरीच राहतो.

देशाचे आकडे पाहिले की या माणसांची संख्या लहान नसावी, हे ध्यानात येते. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणानुसार पन्नाशी ओलांडलेल्या दर शंभर भारतीयांमागे जवळजवळ दोघे अंध आहेत, आणि त्यांतल्या दोन-तृतीयांश लोकांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने वृद्धाश्रमांत जाऊन सुमारे १२०० ज्येष्ठांचे डोळे तपासले, तेव्हा दर दहांपैकी तिघांना दृष्टिदोष आढळला. त्यांतला मोठा वाटा मोतीबिंदूचा आणि चुकीच्या किंवा नसलेल्या चष्म्याचा होता. दोन्हींवर इलाज आहे. अडते ते ओळखण्यापाशी.

चष्मा का सुटला?

डोळ्यात शिरणारा प्रकाश आधी बुबुळावरच्या पारदर्शक आवरणावर वळतो, मग बाहुलीतून आत जाऊन नेत्रभिंगावर आणखी वळतो आणि मागच्या पडद्यावर एका बिंदूत एकवटतो. एकवटला तर चित्र स्पष्ट. पडद्याच्या पुढे किंवा मागे एकवटला तर चित्र पुसट. चष्म्याचा नंबर म्हणजे हा बिंदू पडद्यावर आणण्यासाठी किती आणि कोणत्या बाजूने मदत लागते, त्याचे माप.

तरुणपणी नेत्रभिंग लवचीक असते. जवळचे पाहताना ते फुगते आणि प्रकाशाला जास्त वळवते. चाळिशीनंतर ते ताठर होत जाते, म्हणून जवळच्या कामासाठी चष्मा लागतो. भिंगात जन्मभर नवे तंतू तयार होत राहतात आणि जुने आत मध्याकडे दाबले जातात. साठी-सत्तरीत हा मध्यभाग इतका दाट होतो की प्रकाश पूर्वीपेक्षा जास्त वळू लागतो. तो आता पडद्याच्या पुढेच एकवटतो. लांबचे पुसट होते आणि जवळचे मात्र चष्म्याशिवाय दिसू लागते. आजींना तांदळातला खडा दिसला तो यामुळे. हा मोतीबिंदूचा मध्यभागापासून सुरू होणारा प्रकार. भिंग पिवळट होत जाते, तसे निळे-जांभळे रंग मळतात आणि पांढरे लुगडे पिवळसर भासते. पुढे गढूळपणा वाढला की जवळचेही जाते.

मोतीबिंदूचे आणखी दोन प्रकार आहेत. एकात भिंगाच्या कडेपासून आत येणारे पांढरे पट्टे प्रकाश विखरून टाकतात. समोरून गाडीचा दिवा आला की डोळे दिपतात. दुसऱ्यात भिंगाच्या पाठीवर डाग धरतो, तेव्हा भर उन्हात कमी आणि सावलीत बरे दिसते. ‘दुपारी दिसत नाही, संध्याकाळी दिसते’ असे म्हातारे माणूस सांगते तेव्हा ते खरे बोलत असते. त्याला भ्रम समजू नये.

घरी सोडवायचे तीन प्रश्न

घरी येणाऱ्या तपासनिसाला सगळे रोग शोधायचे नसतात. त्याला तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. कमी दिसते ते चष्म्याच्या नंबरामुळे का? भिंग गढूळ झाल्यामुळे का? की मागचा पडदा किंवा डोळ्याची नस बिघडल्यामुळे? पहिल्याचा इलाज घरपोच होऊ शकतो. दुसऱ्यासाठी एकदा रुग्णालयात जावे लागते. तिसऱ्यात कधी धावपळ करावी लागते, तर कधी आहे त्या दृष्टीत जगणे सोपे करावे लागते. ज्या माणसाला गाडीत बसवायला चार जण लागतात, त्याच्यासाठी ही निवड फार मोलाची आहे. उगाच चार खेपा होण्याऐवजी एकच, खात्रीची खेप होते.

सामान एका पिशवीत मावते: मोजपट्टी, अक्षरांचा तक्ता, बॅटरी, भोके पाडलेली झापड, काही भिंगे आणि ती बसवायची चौकट, शिवाय दोन-तीन हातात धरायची उपकरणे.

आधी बोलणे, मग बॅटरी

तपासणी गप्पांनी सुरू होते. कधीपासून कमी दिसते? हळूहळू की एकदम? एका डोळ्याने की दोन्ही? साखर, रक्तदाब, दम्याच्या गोळ्या? स्टिरॉइड अनेक वर्षे घेतले असेल तर मोतीबिंदू लवकर येतो. चुलीचा धूर आणि तंबाखू यांचाही मोतीबिंदूशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

घरी आल्यामुळे आणखी एक फायदा होतो. दवाखान्यात न दिसणाऱ्या गोष्टी इथे दिसतात. अर्धांग झालेल्या बाबांच्या ताटात डाव्या बाजूची भाकर तशीच राहते का? राहत असेल तर दोन्ही डोळ्यांच्या नजरेची तीच बाजू गेलेली असू शकते. खाटेजवळचा दिवा किती मंद आहे? औषधाच्या दोन सारख्या पुड्या जवळजवळ ठेवल्या आहेत का?

मग बॅटरी. पापणी आत वळून केस बुबुळाला घासतात का, बुबुळावर पांढरा डाग आहे का, बाहुली काळी दिसते की करडी-पांढरी, हे नुसत्या उजेडात कळते. बॅटरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेली की दोन्ही बाहुल्या सारख्याच आकसायला हव्यात. एखादी आकसण्याऐवजी पसरली, तर त्या डोळ्याची नस किंवा पडदा दुबळा आहे. निव्वळ मोतीबिंदूने असे होत नाही.

तीन मीटरचा तक्ता

भिंतीवरचा अक्षरतक्ता नेदरलँड्सच्या हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला. त्यामागे कोनाचे गणित आहे. निरोगी डोळ्याला ज्या अक्षराची उंची एका अंशाच्या बाराव्या भागाएवढा कोन करते ते अक्षर वाचता येते, असे त्यांनी धरले. सहा मीटरवर हे अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंच असते. ते वाचले की दृष्टी ६/६. सर्वांत वरचे मोठे अक्षर त्याच्या दहापट, म्हणजे सुमारे ८७ मिलिमीटर. फक्त तेवढेच वाचता आले तर ६/६०. याचा अर्थ निरोगी माणसाला जे ६० मीटरवरून दिसते ते याला सहा मीटरवर यावे तेव्हा दिसते.

ओसरीत सहा मीटर सरळ अंतर क्वचितच मिळते. काही बिघडत नाही. अंतर निम्मे केले आणि अक्षरेही निम्मी केली तर कोन तोच राहतो. म्हणून घरच्या तपासणीत तीन मीटरचा तक्ता वापरतात. अंतर मात्र मोजपट्टीनेच मोजायचे, अंदाजाने नाही.

वाचता न येणाऱ्यांसाठी इंग्रजी ‘ई’ या अक्षराचा तक्ता असतो. तीन दांड्यांचे हे चिन्ह कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे वळलेले असते. आजींनी हाताची बोटे त्या दिशेला करून दाखवायची. त्यासाठी अक्षर ओळखावे लागत नाही आणि बोलावेही लागत नाही. एकेक डोळा तळहाताने झाकायचा, पण डोळा दाबायचा नाही. बोटांनी झाकला तर फटीतून बघितले जाते आणि सगळा हिशोब चुकतो. तक्त्यावर दिवसाचा उजेड बाजूने पडावा, बसणाऱ्याच्या तोंडावर नको.

सर्वांत वरचे चिन्हही दिसले नाही तर जवळ जायचे. मग बोटे मोजायला सांगायची, मग हात हलवून दाखवायचा, शेवटी बॅटरीचा उजेड. इथे एक महत्त्वाची खूण आहे. मोतीबिंदू कितीही पिकलेला असला तरी उजेड कळतो, आणि तो वरून येतो की बाजूने हेही सांगता येते. उजेडच कळत नसेल तर दोष भिंगाच्या मागे आहे, आणि मोतीबिंदू काढूनही दृष्टी येणार नाही.

कौलातला कवडसा आणि बारीक भोक

आता तपासणीतली सर्वांत साधी आणि सर्वांत हुशार पायरी. काळ्या झापडीला सुमारे एक मिलिमीटरचे बारीक भोक असते. आजींनी त्यातून तोच तक्ता पुन्हा वाचायचा.

कौलारू घरात दुपारी जमिनीवर पडणारा कवडसा आठवा. कौलाची फट वेडीवाकडी असते, तरी लहान फटीतून आलेला कवडसा गोल पडतो. तो सूर्याचे चित्र असतो. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. तिथे कोणतेही भिंग नसते. फट बारीक असल्यामुळे सूर्याच्या प्रत्येक भागाकडून फक्त एक निमुळती रेघ आत येते आणि जमिनीवर आपापल्या जागी पडते. रेघा एकमेकींत मिसळत नाहीत, म्हणून चित्र तयार होते.

बारीक भोकातून पाहताना डोळ्यातही हेच होते. एरवी संपूर्ण बाहुलीतून आलेला प्रकाश पडद्यावर नीट एकवटला नाही तर मोठा पुसट ठिपका पडतो. भोकामुळे एकच बारीक झोत आत जातो. त्याला वळवण्यात डोळ्याची चूक झाली तरी ती पसरायला जागा नसते आणि ठिपका लहान राहतो. म्हणजे दोष फक्त नंबराचा असेल तर भोकातून दोन-तीन ओळी जास्त वाचता येतात. भिंग फार गढूळ असेल किंवा पडदा बिघडला असेल तर फारसा फरक पडत नाही, उलट कधी आणखी कमी दिसते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने पुठ्ठ्याच्या तुकड्याने मिळते.

न विचारता नंबर

आता अडचण येते ती उत्तर न देऊ शकणाऱ्यांची. ऐकू येत नाही, अर्धांगाने वाचा गेली आहे किंवा विस्मृतीमुळे प्रश्नच समजत नाही. ‘हे भिंग बरे की ते?’ याला त्यांच्याकडून उत्तर मिळणार नाही. त्यांच्यासाठी रेटिनोस्कोप नावाचे हातात मावणारे उपकरण आहे. ही पद्धत फ्रेंच डॉक्टर फर्डिनांद क्विन्ये यांनी १८७३ मध्ये मांडली.

खोली अंधारी करायची. तपासनीस हातभर अंतरावर बसतो आणि प्रकाशाची एक उभी पट्टी रुग्णाच्या बाहुलीवरून इकडून तिकडे फिरवतो. मागच्या पडद्यावरून परत येणाऱ्या उजेडाने बाहुलीत तांबूस झळक दिसते. पट्टी ज्या बाजूला सरकते त्याच बाजूला झळक सरकली तर साधारणपणे अधिक नंबर, उलट बाजूला सरकली तर उणे. तपासनीस समोर एकेक भिंग धरत जातो. योग्य भिंग आले की झळक सरकायची थांबते आणि सगळी बाहुली एकदम उजळते. तपासनीस ज्या अंतरावर बसला आहे, त्या अंतरामुळे आलेला फरक वजा केला की नंबर मिळतो. रुग्णाला एक शब्दही बोलावा लागत नाही. त्याने डोळे उघडे ठेवले की पुरे.

याच झळकेत भिंगाचा गढूळपणा काळ्या सावल्यांसारखा दिसतो. मोतीबिंदू दाट असेल तर झळक उमटतच नाही. मग दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. कौलारू घरातला जो अंधार तक्त्याच्या वेळी अडचण ठरतो, तोच इथे उपयोगी पडतो.

जवळचा नंबर मात्र पुस्तकी अंतरावर ठरवू नये. पोथी पाटावर ठेवून वाचतात की हातात धरून? मोबाइल किती लांब धरतात? गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायची आहे का? त्या अंतराला नीट दिसले पाहिजे.

डोळ्याचा दाब आणि मागचा पडदा

उरला तिसरा प्रश्न, नस आणि पडद्याचा. काचबिंदूत बहुधा डोळ्याच्या आतला दाब वाढलेला असतो आणि नस हळूहळू मरते. नजर आधी कडेने जाते, मध्याचे शेवटपर्यंत टिकते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. आता हातात धरून मोजणारे यंत्र मिळते. त्यातली हलकीशी सळई बुबुळाला क्षणभर टेकून परत उडते, आणि ती किती लवकर मंदावते त्यावरून दाब कळतो. बधिर करणारे थेंब घालावे लागत नाहीत. झोपलेल्या रुग्णासाठी नॉर्वेच्या श्यॉट्झ यांनी १९०५ मध्ये बनवलेले वजनाचे यंत्रही आहे; त्याला मात्र असे थेंब लागतात. कडेची नजर तर समोर बसून, एक डोळा झाकायला सांगून, बाजूने बोटे हलवतही पाहता येते. फक्त दाबावरून निकाल लावता येत नाही. काचबिंदू दाब ठीक असतानाही होतो, म्हणून नस पाहणे आवश्यक.

मागचा पडदा पाहायला हातातला कॅमेरा लागतो. त्याने काढलेला फोटो दूरच्या डॉक्टरांना पाठवता येतो. मधुमेह असणाऱ्याने वर्षातून एकदा हा फोटो काढून घ्यावाच. बाहुली लहान किंवा मोतीबिंदू दाट असेल तर फोटो धूसर येतो. बाहुली मोठी करणारे थेंब घरी घालण्याआधी डोळ्याची पुढची खोली उथळ नाही ना, हे जाणकाराने पाहिलेच पाहिजे. उथळ डोळ्यात या थेंबांनी दाब एकाएकी चढू शकतो.

घरी जे जमत नाही तेही स्पष्ट असावे. टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाखालची बारीक तपासणी, पडद्याच्या थरांचे स्कॅनिंग आणि अर्थातच शस्त्रक्रिया, यांना रुग्णालयच हवे. पण घरी आलेल्या तपासनिसाला शस्त्रक्रियेची अर्धी तयारी करून ठेवता येते. रुग्ण अर्धा तास उताणा पडू शकतो का, खोकला किती आहे, मान थरथरते का, रात्री सोबत कोण राहील, हे त्याला घरातच कळते. मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत थांबा’ हा जुना सल्ला आता सोडून द्यावा. जास्त पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो आणि कधी डोळ्याचा दाब वाढवतो.

चष्मा मिळाला, पुढे काय?

नवा चष्मा नेहमीच सुखाचा ठरत नाही. सिडनीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये सत्तरीपुढच्या लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. डोळे तपासून नवे चष्मे मिळालेल्या गटात पडण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. नंबर एकदम खूप बदलला की जमीन वर-खाली भासते आणि पायरीचा अंदाज चुकतो. म्हणून अशक्त माणसाचा नंबर शक्यतो थोडा थोडा बदलावा. दोन भागांच्या चष्म्यातून खाली पाहताना पायरी जवळच्या भिंगातून दिसते आणि पुसट होते. चालणाऱ्याला लांबचा वेगळा चष्मा द्यावा, खाटेवरच्याला जवळचा.

घरातही बदल करावा. खाटेजवळ उजळ दिवा लावावा. उंबऱ्याला आणि पायरीच्या कडेला गडद रंगाची पट्टी मारावी. पांढरा भात पांढऱ्या ताटात वाढू नये, रंगीत ताटात वाढावा.

एक गोष्ट घरच्यांना विशेषकरून सांगायला हवी. दृष्टी बरीच गेलेल्या काही माणसांना समोर नसलेली माणसे, मुले, झाडे, नक्षी दिसतात. पडद्याकडून माहिती येईनाशी झाली की मेंदू स्वतःच चित्रे तयार करतो. स्विस निसर्गवेत्ते शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांचे असे अनुभव लिहून ठेवले. आजोबा शहाणे होते आणि समोरचे खरे नाही हे त्यांना कळत होते. ही बाहेरची बाधा नाही आणि वेडही नाही. देवऋषीकडे नेण्याआधी डोळे तपासा. नुसते समजावून सांगितल्यानेही त्या माणसाची भीती निम्मी होते.

हे काम कोण करणार?

ब्रिटनमध्ये आजारपण किंवा अपंगत्वामुळे ज्यांना एकट्याने घराबाहेर पडता येत नाही, अशा साठीपुढच्या लोकांची नेत्रतपासणी सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चाने घरी होते. आपल्याकडे अशा सेवेचे धागे वेगवेगळ्या योजनांत विखुरले आहेत. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत आणि सहभागी संस्थांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला, आणि त्यात अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन भेटण्याची तरतूद आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात धूसर दिसणे, वाचायला त्रास होणे, डोळे दुखणे किंवा लाल होणे, हे प्रश्न आहेत. चष्म्यासाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. २०२४ पासून ६५ वर्षांपुढच्या आणि वार्षिक दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना साहित्यासाठी एकदा ३००० रुपये मिळतात.

हे धागे एकत्र गुंफणे अवघड नाही. आशाताई वाडीतल्या घरी राहिलेल्यांची नावे काढतील, उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी तीन मीटरचा तक्ता आणि भोकाची झापड घेऊन एक फेरी करतील, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्याकडे रुग्णालयाचे नेत्रचिकित्सा अधिकारी रेटिनोस्कोप व भिंगे घेऊन जातील. पावसाळ्याआधी, वैशाखात ही फेरी झाली तर शस्त्रक्रियेसाठी न्यायची माणसे रस्ते वाहून जाण्याच्या आत नेऊन आणता येतील.

चौकट : घरच्यांसाठी थोडक्यात

• चष्मा आपोआप सुटला, रंग मळकट दिसू लागले, उजेडाने डोळे दिपू लागले, तर मोतीबिंदूची शंका घ्या.

• महिन्यातून एकदा एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचे कॅलेंडर दाखवा. एका डोळ्याने खूप कमी दिसते हे दोन्ही उघडे असताना कळत नाही.

• दाराची चौकट किंवा फरशीची रेघ वाकडी, लाटेसारखी दिसते का, ते विचारा. दिसत असेल तर पडद्याच्या मध्यभागाचा आजार असू शकतो.

• त्याच दिवशी डॉक्टर गाठा : एकाएकी दिसेनासे होणे, डोळा लाल होऊन भयंकर दुखणे आणि उलट्या, डोळ्यापुढे वीज चमकून पडदा सरकल्यासारखे वाटणे, भाताचे पाते, काडी किंवा कुसळ डोळ्यात लागणे.

• डोळ्यात दूध, तूप, मध, पाल्याचा रस घालू नका. दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब तर मुळीच नकोत.

• घरी झालेली तपासणी ही निवड करण्यासाठी आहे. मधुमेह किंवा काचबिंदू असेल तर रुग्णालयातली नियमित तपासणी चुकवू नका.

वाचकाला एक काम

तुमच्या गावात पुढच्या वेळी नेत्रशिबिराची घोषणा होईल, तेव्हा आपल्या आळीतल्या अशा प्रत्येक घराची आठवण करा, ज्यातून एक माणूस शिबिराला येऊ शकणार नाही. त्या माणसाचे नाव, वय आणि त्याला चालता का येत नाही, एवढे एका कागदावर लिहून आशाताईंकडे किंवा शिबिर भरवणाऱ्यांकडे द्या आणि त्याच्या घरी कोणी येईल का, असे थेट विचारा. असे दहा कागद जमले की शिबिराच्या दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम ठरवणे त्यांना सोपे जाईल.